झेंडा-सत्याग्रह आणि राष्ट्रध्वजाच्या पूज्यतेचा प्रश्न

१९२३ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेपासून नागपुरात एक क्रम सुरू झाला. स्वयंसेवकांची एक लहान तुकडी चरख्याचे चित्र असलेला झेंडा घेऊन शहरातून निघे, युरोपीय अधिकाऱ्यांची वस्ती असलेल्या सिव्हिल लाइन्सच्या वाटेला लागे, हद्दीवर पोलिस तिला अडवीत, तुकडी मागे फिरण्यास नकार देई आणि तिची रवानगी तुरुंगात होई. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. हा क्रम सुमारे साडेतीन महिने चालला आणि या अवधीत दीड हजारांहून अधिक माणसे पकडली गेली. ज्या वस्तूसाठी ही माणसे तुरुंगात गेली तिला त्या वेळी कोणत्याही कायद्याचे संरक्षण नव्हते, तिच्या वंदनेचा विधी ठरलेला नव्हता. फार काय, ज्या काँग्रेसच्या नावाने ती मिरविली जात होती त्या काँग्रेसनेही तिचा विधिपूर्वक स्वीकार केलेला नव्हता.

राष्ट्रध्वज पूज्य मानावा की न मानावा, हा वाद बहुधा तत्त्वचर्चेच्या भूमिकेवरून घातला जातो. एका पक्षाच्या मते ध्वज हे राष्ट्राचे दृश्य रूप होय; त्याला वंदन न करणे म्हणजे राष्ट्राशी द्रोह करणे. दुसऱ्या पक्षाच्या मते कापडाच्या तुकड्यापुढे मस्तक लवविणे ही मूर्तिपूजाच असून तिच्या योगाने नागरिकाची विवेकबुद्धी मंद होते व सत्ताधाऱ्यांचे काम सोपे होते. हे दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही की, ध्वज आधी असतो आणि त्याविषयीचा आदर मागाहून येतो. भारताच्या राष्ट्रध्वजाचा इतिहास पाहिल्यास हा अनुक्रम उलटा असल्याचे आढळते. येथे लोकांनी आधी सोसले आणि त्या सोसण्यातून झेंड्याला मोल आले. त्यामुळे ध्वज आदरास पात्र आहे की नाही, याचा निर्णय ध्वजाचे रंग आणि त्यांचे अर्थ पाहून होण्यासारखा नाही. तो आदर कोणी, कोणाला आणि कोणत्या स्थितीत दिला, हे पाहावे लागते.

महाराष्ट्राला निशाणाचे माहात्म्य नवे नव्हते. भगवा झेंडा आणि जरीपटका यांच्या मागे मराठ्यांच्या फौजा चालल्या, दसऱ्याला शस्त्रांबरोबर निशाणांचीही पूजा झाली. परंतु जरीपटका हा सरदाराला स्वामीकडून मिळे; तो स्वामीच्या कृपेची आणि सरदाराच्या जबाबदारीची खूण असे. त्याचा मान हा स्वामीचा मान होता. म्हणूनच १७ नोव्हेंबर १८१७ रोजी बाळाजीपंत नातूंनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढविले, तेव्हा पुण्याच्या लोकांना राज्य बुडाले हे निराळे सांगावे लागले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस सीताबर्डीची लढाई होऊन नागपूरकर भोसल्यांचीही तीच गत झाली. निशाण बदलले, स्वामी बदलला. प्रजेने नव्या निशाणास मुजरा करावयाचा एवढाच त्या व्यवहाराचा अर्थ. विसाव्या शतकात ज्या झेंड्याची कल्पना पुढे आली ती या परंपरेहून मुळातच वेगळी होती, कारण त्या झेंड्यामागे कोणी स्वामी नव्हता व राज्यही नव्हते.

आरंभीचे प्रयत्न थोडक्यात सांगता येतील. १९०६ च्या ऑगस्टात कलकत्त्यास पारशी बागान चौकात एक तिरंगी झेंडा उभारण्यात आला. पुढल्याच वर्षी, २२ ऑगस्ट १९०७ रोजी, मादाम भिकाजी कामा यांनी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत हिंदुस्थानचा झेंडा फडकविला. तो पुढे पुण्यास केसरी-मराठा संस्थेत येऊन राहिला, ही गोष्ट मराठी वाचकांस परिचित आहे. १९१७ मध्ये होमरूल चळवळीचा झेंडा निघाला. त्यात पाच तांबडे व चार हिरवे पट्टे आणि सप्तर्षींची आकृती होती, पण वरच्या कोपऱ्यात युनियन जॅकही होता. स्वराज्याची मागणी साम्राज्यांतर्गत आहे, हे त्या कोपऱ्यातील लहानशा आकृतीने स्पष्ट केले होते. चळवळ कोठवर येऊन पोचली आहे, हे तिच्या निशाणावरून इतक्या नेमकेपणाने क्वचितच वाचता येते.

१९२१ मध्ये बेझवाडा येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली असता पिंगली वेंकय्या यांनी तांबडा व हिरवा अशा दोन रंगांचा नमुना गांधींपुढे ठेवला. चरख्याची सूचना जालंधरचे लाला हंसराज यांची. इतर धर्मीयांसाठी पांढरा रंग गांधींनी सुचविला. समितीपुढे हा नमुना वेळेवर येऊ शकला नाही आणि त्याला मंजुरी देण्याचे राहून गेले. ते दहा वर्षे राहूनच गेले. त्याच वर्षी १३ एप्रिलच्या ‘यंग इंडिया’त गांधींनी राष्ट्रीय झेंड्यावर लेख लिहिला. झेंड्याची भक्ती ही एक प्रकारची मूर्तिपूजाच आहे, हे त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता मान्य केले आणि तरीही ही मूर्तिपूजा नष्ट करणे पाप ठरेल असे म्हटले. ध्वजपूजेच्या टीकाकारांचा मुख्य आक्षेप असा प्रवर्तकानेच प्रारंभी पदरात घेतला होता. मात्र ही मूर्तिपूजा कोणत्या जातीची, याचा उलगडा त्या लेखापेक्षा पुढील घटनांनी अधिक होतो. महाराष्ट्रातील घराघरांत भाद्रपदात मातीची मूर्ती आणून तिची प्राणप्रतिष्ठा होते व मुदत भरताच तिचे विसर्जन होते. त्यात कोणाला अनादर दिसत नाही. राष्ट्रीय झेंड्याच्या बाबतीतही रूप बदलत गेले आणि भाव टिकला, हे पुढे दिसून येईल.

झेंड्याच्या सत्याग्रहाची ठिणगी नागपुरात नव्हे, जबलपुरात पडली. तेथील नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लागल्याचा प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला, आणि असे पुन्हा होऊ द्यावयाचे नाही असा सरकारचा निश्चय झाला. १९२३ च्या मार्चमध्ये जबलपुरात झेंड्याची मिरवणूक निघाली. पंडित सुंदरलाल यांना शिक्षा झाली. माखनलाल चतुर्वेदी व सुभद्राकुमारी चौहान ही हिंदी साहित्यातील दोन मोठी नावे या चळवळीशी निगडित आहेत. त्यानंतर १३ एप्रिल रोजी, म्हणजे जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे जाताना अडविण्यात आली. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली रीतसर सत्याग्रह सुरू झाला.

सरकारची भूमिका येथे नीट समजून घेणे अवश्य आहे. झेंडा बाळगणे हाच गुन्हा, असे मध्यप्रांत सरकारचे म्हणणे नव्हते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली काढलेली बंदी ही मुख्यतः एका वस्तीपुरती होती, आणि तेथील रहिवाशांना उपद्रव होईल व शांतता बिघडेल, हे तिचे कारण सांगितले जाई. सर फ्रँक स्लाय हे गव्हर्नर होते. गृहखाते सर मोरोपंत जोशी या अमरावतीच्या नामांकित वकिलाकडे, नेमस्त पक्षाच्या एका सभ्य पुढाऱ्याकडे, होते. त्यामुळे परकीयांनी स्वदेशीयांचा झेंडा तुडविला, इतक्या सरळ रेषांत हे चित्र बसत नाही. एखाद्या रस्त्यावरून मिरवणूक नेण्यास मनाई करणे हा कोणत्याही सरकारचा नेहमीचा अधिकार होय, असे कायद्याच्या भाषेत म्हणता आले असते व तसे म्हटलेही गेले. परंतु मनाई झेंड्याच्या मिरवणुकीला होती आणि जागा राज्यकर्त्यांच्या वस्तीची होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मनाईचा अर्थ सांगण्यास वकील लागत नाही. आपल्याच शहरातील एका रस्त्यावर आपली खूण घेऊन जाता येत नाही, एवढे साध्या माणसाला कळले आणि तेवढे पुरेसे ठरले.

हा सत्याग्रह गांधींच्या अनुपस्थितीत झाला, हेही विसरता कामा नये. ते मार्च १९२२ पासून येरवड्याच्या तुरुंगात होते. चौरीचौराच्या प्रसंगानंतर असहकारिता थांबलेली, काँग्रेसमध्ये कौन्सिल-प्रवेशाच्या प्रश्नावरून फेरवादी व नाफेरवादी असे दोन तट पडलेले. अशा वेळी करमाफी किंवा जमीनधाऱ्याचा प्रश्न पुढे न करता केवळ झेंड्याच्या वाटेसाठी माणसे पणाला लावणे हे पुष्कळांना पोरखेळासारखे वाटले असल्यास नवल नाही. या आक्षेपात तथ्यही होते. झेंडा सिव्हिल लाइन्समधून गेला म्हणून कोणाचा सारा कमी होणार नव्हता. पण नेमक्या याच निरर्थकतेमुळे तो प्रसंग कसोटीचा ठरला: ज्यातून काहीच मिळावयाचे नाही त्यासाठी माणूस तुरुंग पत्करतो की नाही, एवढेच त्यात पाहिले जात होते.

१७ जून रोजी जमनालालांना अटक झाली. अठरा महिन्यांची कैद व तीन हजार रुपये दंड अशी त्यांना शिक्षा झाली. दंड भरण्यास त्यांनी नकार दिल्यावर त्यांची मोटार जप्त करण्यात आली. तिच्यावर बोली करण्यास नागपुरात कोणी पुढे येईना, म्हणून ती विक्रीसाठी काठेवाडात पाठवावी लागली. विनोबा भावे या सत्याग्रहात तुरुंगात गेले व त्यांनी नागपूर आणि अकोला येथे कैद भोगली. गुजरात, बिहार, आंध्र, कर्नाटक अशा निरनिराळ्या प्रांतांतून तुकड्या आल्या. सर्वच स्वयंसेवक अखेरपर्यंत टिकले असे मात्र नाही. माफी लिहून देऊन सुटणारेही होते, आणि डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या हुबळीच्या मंडळातील स्वयंसेवकांनी माफीपत्रे देण्यास नकार दिला याचीच वाखाणणी झाली. त्या अनुभवातून त्याच वर्षीच्या डिसेंबरात काकिनाडा येथे हिंदुस्थानी सेवादल निर्माण झाले. माफीपत्रांचा हा तपशील गौरवपर इतिहासांतून बहुधा गाळला जातो. तो गाळू नये, कारण मागे फिरण्याचे दार उघडे होते म्हणूनच पुढे जाण्याला अर्थ होता.

जुलैत वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली; विठ्ठलभाईंनी सरकारशी बोलणी केली. १८ ऑगस्ट रोजी झेंडे घेतलेली मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली व पोलिसांनी तिला अडविले नाही. सप्टेंबरच्या आरंभी कैदी सुटले. मिरवणुकीसाठी परवानगी मागण्यात आली होती काय, यावर मागाहून दोन्ही पक्षांत वाद झाला. परवानगी मागितली गेली म्हणून ती दिली, असे सरकारला दाखवावयाचे होते. परवानगीवाचून झेंडा गेला, असे सत्याग्रहींना सांगावयाचे होते. हा वाद क्षुल्लक दिसतो, परंतु सगळ्या प्रकरणाचे मर्म त्यातच आहे. परवानगीने मिरविलेला झेंडा आणि आपल्या हक्काने मिरविलेला झेंडा कापड म्हणून एकच. मान मात्र एकच नव्हे.

सात वर्षांनंतर सोलापुराने ही कसोटी अधिक कठोर रीतीने दिली. १९३० च्या एप्रिलात तेथील नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा उभारला. मे महिन्यात दंगली व गोळीबार होऊन १२ तारखेस लष्करी कायदा पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत चालला, आणि त्या अंमलात राष्ट्रीय झेंडा लावणे वा मिरविणे शिक्षेस पात्र ठरले. नागपुरात एका रस्त्यापुरती मर्यादित असलेली मनाई सोलापुरात शहरभर पसरली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली ती झेंड्याच्या गुन्ह्यासाठी नव्हे, पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून. परंतु त्या काळाची आठवण सोलापुरात झेंड्याच्या आठवणीशी जोडली गेली आहे.

एवढे रक्त आणि एवढा तुरुंगवास ज्या झेंड्याच्या नावावर जमा झाला तो झेंडा १९३१ मध्ये बदलण्यात आला. ही गोष्ट मोठी उद्बोधक आहे. तांबडा रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतरांचा, या वाटणीमुळे शिखांनी आपल्या रंगाची मागणी केली होती व ती न्याय्यच होती. एकदा झेंडा हिश्श्यांनी विभागला की हिस्सा मागणाऱ्याला दोष देता येत नाही. एप्रिलमध्ये कार्यकारिणीने सात जणांची समिती नेमली. तीत वल्लभभाई, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, जवाहरलाल, पट्टाभि सीतारामय्या यांच्याबरोबर काकासाहेब कालेलकर व नागपूर सत्याग्रहातून पुढे आलेले डॉ. हर्डीकर होते. समितीने सबंध केशरी रंगाचा, त्यावर चरखा असलेला झेंडा सुचविला. ऑगस्टात मुंबईस भरलेल्या अखिल भारतीय समितीने ही सूचना अमान्य करून केशरी, पांढरा व हिरवा हे तीन पट्टे आणि मधोमध निळा चरखा असा झेंडा पसंत केला, व रंगांना जातीय अर्थ नसून ते धैर्य, सत्य आणि श्रद्धा यांसारख्या गुणांचे द्योतक आहेत असे ठरविले. विधिपूर्वक स्वीकार झाला तो हा. ज्यांनी झेंड्यासाठी कैद भोगली होती त्यांनीच समितीत बसून त्याचे रंग बदलले, आणि असे करताना पूर्वीच्या झेंड्याचा अवमान होतो असे कोणाच्या मनात आले नाही. आदर आणि चिकित्सा यांत विरोध मानणाऱ्यांनी या १९३१ सालाकडे अवश्य पाहावे.

परंतु चित्राला दुसरी बाजू लवकरच आली. १९३७ मध्ये अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली. ज्या झेंड्याला सरकारी इमारतींवर मज्जाव होता तो आता सरकारच्या आशीर्वादाने शाळांवर व नगरपालिकांवर चढू लागला. मुस्लिम लीगने याविरुद्ध तक्रार केली. १९३८ च्या पीरपूर अहवालात झेंड्याचा प्रश्न ठळकपणे आलेला आहे. त्या अहवालात राजकीय अतिशयोक्ती पुष्कळ आहे, हे खरे. तथापि तिच्या आड दडलेला प्रश्न खोटा नव्हता. नागपूरच्या रस्त्यावर झेंडा घेऊन जाणारा माणूस स्वतःवर संकट ओढवून घेत होता. शाळेच्या आवारात मुख्याध्यापकाच्या देखरेखीखाली झेंड्याला वंदन करणारा मुलगा तसे काही करीत नव्हता, आणि वंदन न करू इच्छिणाऱ्याची मात्र आता पंचाईत होत होती. गांधींच्या हे लक्षात आले. १९३९ मध्ये त्यांनी असा सल्ला दिला की, मिश्र सभांतून कोणाचा विरोध असेल तर झेंड्याचा आग्रह धरू नये. काँग्रेसच्या अनेक कार्यकर्त्यांना हा सल्ला दुबळेपणाचा वाटला. प्रत्यक्षात तो नागपूरच्या परंपरेशी अधिक प्रामाणिक होता.

२२ जुलै १९४७ रोजी जवाहरलाल नेहरूंनी घटना समितीत राष्ट्रध्वजाचा ठराव मांडला. त्याआधी राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी जी समिती नेमली होती तीत आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी आणि मुन्शी यांच्यासमवेत डॉ. आंबेडकर होते. ठरावात तीन रंग सारख्या प्रमाणात, मध्ये निळ्या रंगाचे चक्र आणि रुंदी व लांबी यांचे सामान्यतः दोनास तीन हे प्रमाण सांगितले आहे. चक्र हे चरख्याचे द्योतक असून त्याची आकृती सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शिरोभागावरील चक्राप्रमाणे असावी, अशी त्यातील शब्दयोजना आहे. ह. वि. कामथ यांनी चक्रात स्वस्तिक असावे अशी दुरुस्ती आणली होती. ती त्यांनी परत घेतली. डॉ. राधाकृष्णन यांनी रंगांचा व चक्राचा अर्थ उलगडून सांगितला. मुस्लिम लीगच्या वतीने चौधरी खलिकुझ्झमान यांनी ध्वजाशी निष्ठा व्यक्त केली. पुढे काही महिन्यांतच ते पाकिस्तानात निघून गेले. समितीच्या सर्व सभासदांनी उभे राहून ठराव संमत केला.

ध्वजाच्या पूज्यतेचा विचार करताना या सभागृहातील भाषणांइतकेच महत्त्व सभागृहाबाहेरील एका उद्गाराला द्यावे लागते. चरख्याच्या जागी चक्र आल्याने गांधी व्यथित झाले होते. ठरावातील ‘चरख्याचे द्योतक’ या शब्दांनी त्यांचे समाधान झाले नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लाहोर येथे काँग्रेस कार्यकर्त्यांपुढे बोलताना त्यांनी स्पष्ट केले की, स्वतंत्र हिंदुस्थानच्या ध्वजावर चरखा नसेल तर आपण त्या ध्वजाला वंदन करणार नाही. स्वातंत्र्य दहा दिवसांवर येऊन ठेपले असता हे शब्द निघाले. झेंड्याच्या भक्तीला जपण्याजोगी मूर्तिपूजा म्हणणारा आणि वंदनास नकार देण्याची भाषा करणारा पुरुष एकच आहे, आणि या दोन विधानांत त्याने आपली भूमिका बदलली असे म्हणण्यास आधार नाही. ज्या वस्तूसाठी झेंडा होता ती वस्तू, म्हणजे गरिबाच्या हातचे सूत, झेंड्यातून गेली तर वंदन कशाला, एवढाच त्याचा प्रश्न होता. नकार देण्याचा अधिकार राखून ठेवला म्हणून त्यांच्या वंदनाला किंमत होती.

झेंड्याचे नागपुरातील जुने रूप स्वातंत्र्यानंतरही एकदा पाहावयास मिळाले, ते गोव्याच्या सीमेवर. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तिरंगा घेतलेले निःशस्त्र सत्याग्रही पत्रादेवी व अन्य ठिकाणांहून आत शिरले आणि पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक ठार झाले. पंजाबचा तरुण शिक्षक कर्नेलसिंग पत्रादेवीस पडला. मध्यप्रदेशच्या सहोद्राबाई राय हातात ध्वज असतानाच जखमी झाल्या. देशात सर्वत्र त्या दिवशी बंदोबस्तात ध्वजवंदन चालले होते.

स्वतंत्र राज्याने ध्वजाच्या मानाची जबाबदारी स्वतःकडे घेतली, ते स्वाभाविक होते. १९५० च्या कायद्याने त्याचा व्यापारी उपयोग रोखला गेला. १९७१ च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाविरुद्धच्या कायद्याने ध्वज जाळणे, विद्रूप करणे, तुडविणे इत्यादी कृत्यांना तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरविली. या कायद्यातील एक स्पष्टीकरण फारसे कोणी वाचत नाही: सनदशीर मार्गाने ध्वजात बदल घडवून आणण्याच्या हेतूने केलेली टीका गुन्हा होत नाही, असे त्यात नमूद आहे. १९३१ च्या समितीचा वारसा कायद्यात टिकला आहे तो या चार ओळींत.

मात्र मान राखण्याच्या भरात एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. सामान्य नागरिकाने आपल्या जागेवर राष्ट्रध्वज लावावयाचा तो ठराविक राष्ट्रीय दिवशीच. एरवी तो अधिकार शासनाच्या इमारतींचा व अधिकारपदांचा. जो झेंडा लोकांनी सरकारी मनाई मोडून मिरविला, तो स्वतःच्या सरकारच्या सूचनांनी लोकांच्या हातून बहुतांशी काढून घेतला गेला. याला जरीपटक्याची परंपरा म्हणता येईल; झेंड्याची नव्हे. उद्योगपती नवीन जिंदल यांनी रायगड येथील आपल्या कारखान्यावर रोज ध्वज लावण्यास सुरुवात केली असता अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला; २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू होऊन निर्बंध सैल झाले; आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदरपूर्वक व सन्मानाने ध्वज फडकविणे हा घटनेच्या १९ (१) (अ) या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, अर्थात त्यावर वाजवी निर्बंध असू शकतात, असे ठरविले. नागपूरच्या स्वयंसेवकांनी जे कैद भोगून मिळविले ते एक्क्याऐंशी वर्षांनी रिट अर्जाने पुन्हा मिळवावे लागले. फरक एवढाच की या वेळी त्याला मूलभूत हक्काचे नाव मिळाले.

ध्वज फडकविणे ही जर अभिव्यक्ती असेल, तर मौन हीही अभिव्यक्ती ठरते काय? हा प्रश्न भारतात ध्वजाच्या नव्हे, राष्ट्रगीताच्या संदर्भात न्यायालयापुढे आला. १९८५ मध्ये केरळातील एका शाळेने यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन मुलांना काढून टाकले. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी इतरांबरोबर उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालात ही हकालपट्टी अवैध ठरविली; आदराने उभे राहून गप्प राहणे हा अनादर नव्हे, असे मानले. निकालात अमेरिकेतील दोन खटल्यांचा परामर्श आहे. त्याच पंथाच्या मुलांनी ध्वजाला सलामी देण्यास नकार दिला असता १९४० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेच्या सक्तीला उचलून धरले होते. त्यानंतर या पंथीयांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. तीनच वर्षांनी, महायुद्ध ऐन भरात असताना, १४ जून १९४३ रोजी त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला निर्णय फिरविला. १४ जून हा अमेरिकेचा ध्वजदिन होय. १९४२ च्या अखेरीपर्यंत तेथील मुले ध्वजाकडे हात लांब पसरून सलामी देत. ती जर्मनीतील सलामीसारखी दिसू लागल्यामुळे तिची जागा हृदयावर हात ठेवण्याने घेतली. सक्तीच्या भक्तीचे रूप आरशात दिसल्यावर तिच्याविषयी फेरविचार होतो, हे या तारखांवरून दिसते.

अखेरीस कापडाविषयी. १९४७ च्या ठरावात ध्वज कशाचा करावा याचा उल्लेख नाही. नेहरूंनी सभागृहात खादीचे दोन ध्वज, एक रेशमी व एक सुती, दाखविले होते, तेवढीच त्याबाबतची साक्ष. खादीचा नियम मागाहून मानकांनी व संहितेने घातला. भारतीय मानक संस्थेच्या मानकांत पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाचा आहे, आणि त्यात सुताची जाडी, विणीतील धागे व रंगांच्या छटा यांचा काटेकोर तपशील आहे. हुबळीच्या बेंगेरी येथील कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आणि नांदेडची मराठवाड्यातील खादी संस्था यांच्याकडे हे ध्वज तयार होत आले आहेत. कातणारे आणि विणणारे हात बहुतांशी खेड्यांतील, आणि त्यांत स्त्रियांचे अधिक. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिएस्टरच्या व यंत्रावर विणलेल्या ध्वजांनाही मान्यता मिळाली, आणि जुलै २०२२ मध्ये रात्रंदिवस ध्वज लावण्याची मुभा देण्यात आली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला घरोघरी जितके ध्वज लागले तितके पूर्वी कधी लागले नव्हते, आणि त्यांतील बरेचसे चरख्यावर काढलेल्या सुताचे नव्हते. हुबळीच्या विणकरांनी या दुरुस्तीविरुद्ध तक्रार केली. नागपूरच्या तुरुंगात माफीपत्र लिहून देण्यास नकार देणारे स्वयंसेवक याच हुबळीचे होते.